कुलूपबंद खोलीत वाजलेला फोन

मित्रांनो, वसमतच्या मोंढ्यामागे हळदीचं एक जुनं गोदाम आहे. त्याच्या अगदी शेवटच्या खोलीत, फाटक्या बारदान्याच्या ढिगाशेजारी, राखाडी रंगाची एक पत्र्याची पेटी भिंतीला टेकून उभी आहे. तिच्या झाकणाचे स्क्रू हरवले आहेत आणि फटींत हळदीची धूळ इतकी घट्ट बसली आहे की नखानं खरवडली तरी निघायची नाही. ती पेटी म्हणजे मी. एके काळी मी या हळदीच्या कारखान्याचं टेलिफोन एक्स्चेंज होतो. कामगार मला नुसतं ‘डबा’ म्हणायचे.

आता तुमच्या घरी ज्याच्या त्याच्या खिशात फोन असतो, म्हणून माझं काम तुम्हाला सांगायला हवं. बाहेरच्या दोन लाइनी माझ्या पोटात यायच्या आणि माझ्या पोटातून निघालेल्या वायरी कारखानाभर जायच्या. एक शेठजींच्या खोलीत, एक हिशेबाच्या खोलीत, एक हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमांजवळ, एक गोदामात आणि एक फाटकाजवळच्या वजनकाट्यावर. बाहेरून फोन आला की तो कुठं वाजवायचा हे मी ठरवायचो. ठरवायचो म्हणजे काय, मला जसं शिकवलेलं असेल तसं करायचो. मला स्वतःचा आवाज नव्हता. दुसऱ्यांचे आवाज इकडून तिकडे पोचवणं आणि घंटा वाजवणं, एवढंच मला येत होतं.

माझा जन्म पुण्याकडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथं बायका भिंगातून बघत माझे बारीक सांधे जोडायच्या. त्यातल्याच एकीनं माझ्यात बटणाएवढा एक गोल सेल बसवला. वीज गेली, बॅटरी काढली, तरी शिकवलेलं सगळं माझ्या ध्यानात राहावं म्हणून तो सेल होता. तो संपला की मी सगळं विसरणार आणि जन्माच्या वेळच्या सवयीवर जाणार, अशी माझी घडणच होती. माझी जन्माची सवय एकच होती. बाहेरून कुणाचाही फोन आला तरी तो पहिल्या नंबरच्या फोनवर वाजवायचा. आणि या कारखान्यात पहिला नंबर होता शेठजींच्या खोलीचा.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली प्रेमानंद नावाचा मेकॅनिक मला नांदेडहून एसटीनं घेऊन आला. वाटभर त्यानं मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. ऑफिसातल्या एका अरुंद खोलीत त्यानं मला भिंतीवर बसवलं आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर पद्माबाई येऊन बसल्या.

पद्माबाई भीमनगरात आई आणि मुलीबरोबर राहायच्या. नवरा लवकर गेला होता. त्या टायपिंग शिकलेल्या होत्या, पण एक्स्चेंज त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझे दिवे लुकलुकायला लागले तशी त्यांनी खुर्ची मागं ओढली.

“भ्याचं न्हाई ताई,” प्रेमानंद म्हणाला. “लेकरासारखं हाय हे. झोपवायचं बी नीट आन् उठवायचं बी नीट. काम निघालं, मोठी वीज कडाडायला लागली, की बंद करावं लागतं. पन धाडकन मेन खाली वढायचा न्हाई. आधी दिवे बघायचे, कोनी बोलून ऱ्हायलं का. सगळ्यांना सांगायचं, बंद करून राहिले म्हणून. मंग बाहेरच्या लाइनी काढायच्या, मंग बॅटरीचं बटन, आन् मंग मेन.”

“आन् चालू करताना?”

“आधी मेन. हा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मंग बॅटरी, मंग लाइनी. आन् शेवटचं लई महत्त्वाचं हाय. हितं रिसीव्हर उचलून टोन आला म्हणून खूश व्हायचं न्हाई. बाहेर जायचं, दुसऱ्या फोनवरून आपल्याच हितं फोन लावायचा, आन् कुठं वाजतो ते बघायचं.”

पद्माबाईंनी हे सगळं मनात पक्कं धरलं. पुढं वळवाच्या वादळात म्हणा, वायरिंगच्या कामात म्हणा, मला जेव्हा जेव्हा बंद करावं लागलं तेव्हा त्यांनी या क्रमात कधी फरक केला नाही. मला चालू केलं की त्या पदर डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर जायच्या, रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथवरून फोन लावायच्या आणि त्यांच्या टेबलावरची घंटा खिडकीतून ऐकू आली की मगच परत फिरायच्या. हमाल हसायचे. “बाई सोताच सोताला फोन करून राहिल्या!” पद्माबाईही हसायच्या आणि खुर्चीवर येऊन बसायच्या.

त्यांनी मला एक गोष्ट खास शिकवून ठेवली होती. फोन आधी त्यांच्या टेबलावर वाजावा आणि त्यांनी उचलला नाही तर वजनकाट्यावर वाजावा. कारण काटा कधी रिकामा नसायचा. ज्या दिवशी त्या रजेवर असत, त्याच्या आदल्या संध्याकाळी बटणं दाबून त्या मला सांगून जायच्या, की उद्याचे सगळे फोन थेट काट्यावर द्यायचे.

काट्यावर गुलाबसिंग राठोड होते. उंच, वाकलेल्या खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांचा तांडा औंढ्याच्या रस्त्याला होता. हंगामात ते काट्याच्या खोलीतच मुक्काम करायचे आणि आठवड्याला घरी जायचे. त्यांची बायको मिराबाई तांड्याच्या फाट्यावरच्या बूथवरून त्यांना फोन करायची. आणि तो फोन आधी पद्माबाईंकडं यायचा.

“राम राम बाई! आमच्या मानसाला द्या जरा.”

“देते की. पन आधी सांगा, तब्येत कशी हाय? मागल्या टायमाला दम लागून ऱ्हायला म्हणत होत्या.”

“काय व्हतंय तब्येतीला. हळद शिजवाया गेले व्हते, धूर लई असतो तिथं. आन् तुमची शीतल काय करून राहिली?”

“अभ्यास. दुसरं काय. आमच्या आईचे डोळे अधू झाले, तिला हिंगोलीला न्यायचं हाय.”

“न्या न्या. डोळ्याला उशीर नका करू.”

असं बोलणं चालायचं. कधी कधी नवऱ्यासाठी केलेला फोन दोघी बायकाच बोलून संपवायच्या आणि शेवटी मिराबाई म्हणायची, “ऱ्हाऊ द्या आता, त्यांना येवढंच सांगा की शनिवारी येताना मीठ आना.” ती गुलाबसिंगांच्या हाती ओल्या हळदीचं लोणचं पाठवायची. पद्माबाई रिकामी बरणी परत धाडताना तीत काही ना काही घालायच्याच. पण दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. “या की एकदा,” पद्माबाई म्हणायच्या. “येते की, हळद निघू द्या,” मिराबाई म्हणायची. हळद दर वर्षी निघायची आणि दर वर्षी दुसरं काही काम निघायचं.

त्याच तांड्यातला दिपक कारखान्यात वायरमन होता. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा तो मिराबाईच्या चुलीपाशी जेवून वाढला. हिंगोलीच्या आयटीआयमधून शिकून आला तशी गुलाबसिंगांनी शेठजींकडं शब्द टाकून त्याला इथं लावला. आता त्याला दोन लेकरं होती, तरी मिराबाईला तो काकी म्हणायचा आणि तिच्या हातची भाकरी मागून खायचा. तो वाईट कारागीर नव्हता. मोटार जळाली, जनरेटर अडला, की दिपक लागायचाच. माझ्या वायरी उंदरांनी कुरतडल्या तेव्हा त्यानंच मला वाचवलं होतं.

मित्रांनो, माझी ती वर्षं सुखाची होती. हंगामात माझ्या पोटातून सांगलीचे भाव जायचे, नांदेडचे ट्रक ठरायचे, कुणाची सोयरीक जुळल्याची खबर यायची. बाहेरगावचे व्यापारी म्हणायचे, “तुमचा फोन एका घंटीत लागतो.” शेठजी पाहुण्यांना माझ्यापुढं आणून उभं करायचे आणि मी दिवे लुकलुकवायचो.

पण प्रेमानंदचं दर वर्षी येणं हळूहळू थांबलं. मी बिघडतच नव्हतो, मग मेकॅनिक कशाला बोलवायचा, असं सगळ्यांना वाटलं. ते मनानं चांगलेच होते. माझ्या आतला बटणाएवढा सेल थकत चालला होता, हे त्यांना दिसत नव्हतं. मला कळत होतं, पण सांगायला मला आवाज नव्हता.

परभणीतून निघून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट आहे. त्या दिवशी अमावस्या होती, मोंढा बंद होता. शेठजी खोलीला कुलूप लावून एका लग्नाला गेले होते. पद्माबाई आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हिंगोलीला घेऊन गेल्या होत्या. जाण्याआधी आदल्या संध्याकाळी त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, सगळे फोन काट्यावर.

दिपकला जनरेटरचं नवं स्विच बसवायचं होतं. मोंढा बंद म्हणजे कामाला दिवस बरा, असं त्यानं ठरवलं. पॉलिशचे ड्रम थांबलेच होते, पण गोदामातला जुना माल भरायला दोन ट्रक आले होते आणि त्यांचे ड्रायव्हर घाई करत होते. दिपकनं मेन खाली ओढला. माझ्या बॅटरीत पाणी कमी झालं होतं, म्हणून लगे हात तीही सोडवून तो भरायला घेऊन गेला.

मी पहिल्यांदाच संपूर्ण अंधारात गेलो. एरवी बंद झालो तरी तो सेल मला धरून ठेवायचा. या वेळी त्यानं हात सोडला. पद्माबाईंनी शिकवलेलं एकेक माझ्यातून पुसलं गेलं आणि ते पुसलं गेलं हेही मला कळलं नाही.

काही वेळानं वीज आली, बॅटरी आली. हिरवा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. दिपक घामानं भिजला होता. त्यानं पद्माबाईंच्या टेबलावरचा रिसीव्हर उचलला. टोन आला. त्यानं काट्यावर फोन लावला.

“काका, वाजला का?”

“वाजला. बराबर हाय,” गुलाबसिंग म्हणाले.

“चालू झालं मंग. लावा काटा, ट्रकवाले बोंबलून राहिले.”

दिपकनं रिसीव्हर ठेवला. दारात एकदा थबकून त्यानं रस्त्यापलीकडच्या बूथकडं पाहिलं. बूथपर्यंत रणरणतं ऊन होतं. टोन येत होता, काट्यावर घंटा वाजली होती, दिवा हिरवा होता. तो जनरेटरकडं परत गेला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर तोही गेला असता.

दुपार कलायच्या आधी बाहेरच्या लाइनीवर फोन आला. मी माझ्या जन्माच्या सवयीप्रमाणे पहिल्या नंबरवर घंटा वाजवली. शेठजींच्या कुलूपबंद खोलीत, जाड पडद्यांच्या आत ती वाजत राहिली. कुणी उचलला नाही. फोन थांबला. पुन्हा आला. पुन्हा मी वाजवली. फोन कुणाचा आहे हे मला कळायला मार्ग नव्हता, कारण रिसीव्हर उचलल्याशिवाय मला पलीकडचं ऐकू येत नसे. मला एवढंच कळत होतं, की कुणीतरी थांबून थांबून पुन्हा पुन्हा लावत आहे. माझं काम मी चोख करत होतो, असंच मला वाटत होतं.

संध्याकाळी गुलाबसिंग काट्यावरून हिशेबाच्या खोलीला एका ट्रकचं वजन सांगत होते. आकडा अर्धाच सांगून ते थांबले. रिसीव्हर त्यांनी टेबलावर तसाच टाकला, खाली ठेवला नाही. म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं. फाटकाशी एक जीप थांबली होती. जीप उकंडराव नावाच्या ड्रायव्हरची होती आणि तीतून तांड्यातली गुलाबसिंगांची शेजारीण बेबीबाई उतरली होती.

“भाऊ,” ती म्हणाली.

“काय झालं? मिरा कुठं हाय?”

“जीपमदी हाय. भाऊ, गेली मिराबाई.”

मग बेबीबाईचं बोलणं रडण्यातून तुटत तुटत आलं.

“सकाळी छातीत कळ आली. हितं वसमतच्याच दवाखान्यात आनलं व्हतं तिला. डाक्टर म्हनले, आताच्या आता नांदेडला न्या. पन ती जीपमदी बसंना. म्हने, त्यांना बोलवा, हितंच तं हायेत ते. मी दवाखान्यासमोरच्या बूथवरून फोन लावला. घंटी जात व्हती भाऊ! जात व्हती, आन् कोनी उचलत नव्हतं. उकंडराव म्हनले, मी जीप घेऊन जातो, घेऊन येतो त्यांना. मीच म्हनलं, काहून जाता, घंटी चालू हाय, आता उचलतील. तीबी म्हने, थांबा जरा, काट्यावर गर्दी असंल, उचलतील. लई टाइम गेला त्यात. मंग तशीच निघालो. नांदेड आलंच व्हतं भाऊ. नांदेड दिसून राहिलं व्हतं.”

“मी हितंच व्हतो,” गुलाबसिंग म्हणाले. “मी कुठंबी गेलो न्हाई.”

ते पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होते. मग कुणीतरी तो रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला आणि मला काही ऐकू येईनासं झालं.

मित्रांनो, त्या दिवसापासून एक विचार मला सोडत नाही. मी अगदी मुका झालो असतो तर बरं झालं असतं. फोन लागलाच नसता तर बेबीबाईनं उकंडरावांना थांबवलं नसतं. जीप पाच-दहा मिनिटांत काट्यावर आली असती. पण घंटी जात होती. त्या घंटीच्या भरवशावर एक बाई आपल्या माणसाची वाट बघत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पद्माबाई हिंगोलीहून आल्या. त्यांना फाटकातच कळलं. त्या खोलीत आल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत, माझ्यासमोर उभ्याच राहिल्या. दिपक दाराशी आला. रात्रभर तो तांड्यात होता, त्याचे डोळे सुजले होते.

“दिपक, काल एक्स्चेंज बंद केलं व्हतं का?”

“केलं व्हतं बाई. पन चालू केलं ना. टोन व्हता. काट्यावर मी सोता वाजवून पाहिला, काकाच बोलले.”

“बाहेरून पाहिलं व्हतं?”

दिपकनं रस्त्यापलीकडच्या बूथकडं पाहिलं.

पद्माबाई रस्ता ओलांडून बूथवर गेल्या. बूथवाल्याला त्यांनी सांगितलं, “आमचा नंबर लावा, आन् मी हात करेस्तोवर लावतच ऱ्हा.” मग त्या भराभर परत आल्या. त्यांच्या टेबलावरचा फोन गप्प होता. त्यांनी कान दिला. काट्याकडूनही आवाज नव्हता. आणि मग व्हरांड्याच्या टोकाकडून, शेठजींच्या खोलीतून, बारीक घंटा ऐकू आली. शेठजी लग्नाहून परतले नव्हते, खोलीला अजून कुलूपच होतं.

दोघं व्हरांड्यात त्या दारासमोर जाऊन उभे राहिले. आत मी घंटा वाजवत होतो. मला दुसरं येतच काय होतं? दिपकनं कुलूप हातात धरलं, दोनदा हिसका दिला आणि मग तो तिथंच फरशीवर बसला.

“काकी असंल बाई ती,” तो म्हणाला. “काल हितं काकी वाजत व्हती.”

पद्माबाईंनी व्हरांड्यातूनच बूथवाल्याला हात केला. घंटा थांबली. त्यांनी दिपकच्या खांद्यावर हात ठेवला नाही आणि त्याला बोलही लावला नाही. त्याही भिंतीला टेकून खाली बसल्या.

नांदेडहून प्रेमानंदला बोलावलं. त्यानं माझं झाकण उघडलं, तो सेल काढून तळहातावर धरला आणि नवा बसवला. तेवढ्या वेळात पद्माबाई त्याला सांगत होत्या, म्हणून मला पुढचं कळलं.

“तिसऱ्या दिशी आमी तांड्यावर गेलो. मी आन् दिपक. त्यानं समदं सांगितलं. मीच बंद केलं व्हतं, बाहेरून पाहिलं न्हाई, म्हणाला. काकांच्या पायावर डोस्कं ठेवलं. समदा तांडा जमला व्हता. मला वाटलं आता काय व्हतं आन् काय न्हाई.”

“मंग?”

“गुलाबसिंगभाऊ म्हणले, तू मला इचारलं व्हतंस ना, वाजला का म्हणून. मी म्हणलं वाजला, बराबर हाय. मंग तू एकटा कसा? मीबी तुझ्यासंगं हाय.”

प्रेमानंदचा स्क्रू पिळणारा हात थांबला.

“माफ केलं म्हणावं का याला?” पद्माबाईंनी विचारलं. “मला न्हाई वाटत. ते दिपककडं बघत नव्हते बोलताना. मी घरात गेले. बायांमदी बसले. भिंतीवर फोटोबी नव्हता तिचा. सहा वर्सं रोजच्यासारखी बोलत व्हते मी तिच्यासंगं प्रेमानंदभाऊ, आन् तिचा चेहरा कसा व्हता, मला ठाऊक न्हाई.”

गुलाबसिंग महिन्यानं कामावर आले. काट्यावरचा फोन त्यांनी टेबलावरून उचलून लांबच्या खिडकीत नेऊन ठेवला. तो वाजला की जवळचा हमाल उचलायचा. त्यानंतर गुलाबसिंगांचा आवाज माझ्या पोटातून कधीच गेला नाही. त्यांना निरोप द्यायचा असला की पद्माबाई स्वतः उठून, उन्हातून काट्यापर्यंत चालत जायच्या. दोघं तिथं काय बोलायचे ते मला कसं कळणार? मला आपली रिकामी खुर्ची दिसायची.

दिपक कामावर राहिला. माझ्याजवळ यायला तो काही महिने घाबरायचा. मग हळूहळू येऊ लागला. मला बंद करायची वेळ आली की तो आता सगळ्यांना विचारत फिरायचा, कुणी बोलत तर नाही ना. आणि चालू केलं की पद्माबाईंनी सांगायच्या आत तो बूथकडं पळायचा. हमाल आता हसत नव्हते. त्याची बायको गुलाबसिंगांसाठी रोज डबा पाठवायची. तो डबा तसाच परत यायचा, झाकणही न उघडता. एक दिवस खोलीत येऊन दिपक पद्माबाईंना म्हणाला, “बाई, आज काकांनी भाजी ठेवून घेतली. भाकरी परत धाडली.” पद्माबाई म्हणाल्या, “पाठवत जा.” यापुढं ते प्रकरण किती सरकलं, मला सांगता येणार नाही. काही वर्षांनी गुलाबसिंग काम सोडून तांड्यावर गेले. जाताना ते पद्माबाईंचा निरोप घ्यायला आले होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर मोबाइल आले. आधी शेठजींच्या मुलाकडं, मग हिशेबनिसाकडं, मग हमालांकडं. माझ्या घंटा विरळ होत गेल्या. व्यापारी थेट एकमेकांशी बोलू लागले. पद्माबाईंना हिशेबाच्या खोलीत दुसरं काम दिलं गेलं आणि माझ्या खोलीत बारदाना रचायला सुरुवात झाली. लाइनीचं भाडं कशाला भरायचं, असं ठरलं तेव्हा दोन हजार सात साल होतं.

मला काढायच्या दिवशी दिपक आणि पद्माबाई दोघंही आली. आता कुणाला सांगायचं नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. तरी पद्माबाईंनी माझे दिवे नीट पाहिले. लाइनी काढल्या. दिपकनं बॅटरीचं बटण बंद केलं आणि मेनवर हात ठेवून तो थांबला.

“वढू का बाई?”

“जरा थांब,” पद्माबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या झाकणावरची धूळ पदरानं पुसली. निघाली तेवढी निघाली. “वढ आता.”

मित्रांनो, मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही. भंगारवाला येऊन वजन करून गेला आहे, एखाद्या दिवशी घेऊन जाईल. त्याआधी तुमच्याकडं एवढंच मागतो. तुमच्या शाळेत घंटा असेल, दवाखान्यात गाडी बोलवायचा फोन असेल, घरी आजीच्या उशाशी हाक मारायचं बटण असेल. त्यांची धूळ पुसा, त्यांच्या आतलं जे दिसत नाही त्याचीही वर्षातून एकदा विचारपूस करा. बंद करताना कुणाचं बोलणं अर्धं तुटत नाही ना, ते बघा. आणि पुन्हा चालू केल्यावर हिरवा दिवा बघून माघारी फिरू नका. ऊन असलं तरी बाहेर जा. जो अडचणीत असेल त्याच्या जागी उभे राहून तिथून एकदा हाक मारा, आणि ती कुणाच्या कानावर पडते ते बघून या. तिकडं कुणीतरी घंटी ऐकत बसलेलं असतं. आपलं माणूस आता उचलेल, असं त्याला वाटत असतं.